हेल्काची फ्लॉपी

“त्या फ्लॉपीला हात लावू नकोस,” असं नवरा बजावून गेला होता. मी ते हसण्यावारी नेलं. फ्लॉपीवर त्याने ‘हेल्का’ लिहिलं होतं. इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, शनिवारी आमची पाळी असायची, ती सोडून तो या हेल्काचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मी घरी बाळाला सांभाळत मनातून जळत बसायचे. शेवटी फ्लॉपीवर कात्री चालवली. तो घरी आल्यावर मी फणकारले, “कॉम्प्युटर चालवायला लिनक्सची सीडी दिलीस ना तिला, मग ही कशाला?” “अगं, तो कॉम्प्युटर नुसत्या सीडीवरून सुरूच होत नाही. आधी फ्लॉपी लागते. सावोलाआजींची जुनी खराब झाली, म्हणून नवी केली.” हेल्का म्हणजे तळमजल्यावरच्या सावोलाआजी! आमच्या इमारतीत दारांवर नुसतं आडनाव असतं. नाव मी विचारलंच नव्हतं. माफी मागायला धावत खाली गेले. “चार दिवस मेल पाठवता आला नाही,” आजी हसल्या, “परदेशातल्या लेकीला वाटलं असेल, म्हातारी गेली.” तुमच्या जिन्यातलं असं एखादं दार आज ठोठावून बघाल?