रेघेच्या वर

वेदगंगेचं पाणी उंबरा ओलांडून घरात शिरलं तरी पारिसा हलेना. दारात होडी म्हणून आणलेली गुऱ्हाळाची, रस आटवायची भलीमोठी काहील हेलकावत होती. तीत सासूला बसवून चंदना पुन्हा आत आली. "अवो चला, ही शेवटची खेप हाय." पारिसानं भिंतीवरची तांबडी रेघ दाखवली. गेला महापूर तिथवर चढला होता आणि रेघ पारिसानंच ओढली होती. "हिच्या वर पाणी कुणी बघितलंय? म्हणून तर माळा हातभर वर बांधला. तुम्ही जावा, मी धान्याजवळ थांबतो." चंदनानं तांबडीच्या खालच्या जुन्या रेघेवर हात टेकला. "ही तुमच्या आप्पांनी ओढलेली, त्याच्या आधीच्या पुराची रेघ. गेल्या महापुरात तेबी हेच बोलून मागं राहिलते." हार घातलेला आप्पांचा फोटो काढायला पारिसानं खिळ्याकडं हात नेला आणि पहिल्यांदाच वर बघितलं. आढ्यापर्यंत भिंत अजून कोरीच होती.