पथ्य

दिव्या चाकणमधल्या एका डायलिसिस वॉर्डात नर्स आहे. तिचे वडील दत्तोबा त्याच वॉर्डात पेशंट. डायलिसिस करून घरी आले, की मिठावरून भांडण ठरलेलं.

"हे जेवान हाय का शिक्षा? तुझ्यापरीस जेलर बरा!"

"ओरडा कितीबी, तात्या. मीठ मिळणार नाही."

एखाद्या पेशंटवर करण्यासारखं काही उरलं नाही, की नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगायचं काम दिव्याकडे असे. "आता त्यांना हवं ते खायला द्या." शेजारच्या पलंगावरून दत्तोबांनी हे वाक्य कितीदा तरी ऐकलं होतं. मागून त्या पेशंटचा पलंग रिकामा होतानाही पाहिला होता.

आज डॉक्टरांनी दिव्यालाच बाजूला घेतलं.

संध्याकाळी तिने वडिलांच्या ताटात भाजलेला खारा बोंबील वाढला. शेजारी चिमूटभर मीठही ठेवलं.

"घ्या, तात्या. आज पोटभर खा."

दत्तोबांनी बोंबील पाहिला, मीठ पाहिलं. मग त्यांनी ताट हळूच तिच्याकडे सरकवलं.



"पोरी, मला अळणीच वाढ की गं."