सातव्या खाटेवरचं नाव

कोडमधली चूक सापडली तेव्हा वॉर्डच्या सिस्टर त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. आणि चूक त्याची होती.

एकच ओळ. प्रत्येक खाटेवर नाव दाखवणारे इलेक्ट्रॉनिक पडदे चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, जुनी, सी भाषेतली. तिला हॅस्केल भाषेतल्या नव्या प्रोग्रॅमशी जोडणारा कोड त्याने लिहिलेला. पेशंटचं नाव तिच्या हाती दिलं, की तो मेमरीतली ती जागा लगेच मोकळी करायचा. त्याला वाटायचं, ती नाव उतरवून घेत असेल. ती नुसता पत्ता लक्षात ठेवायची. मग त्या पत्त्यावर भलतंच नाव राहायला यायचं.

मागच्या मंगळवारी सातव्या खाटेच्या पडद्यावर आठव्याचं नाव आलं. सिस्टरांनी ते वाचून आठव्याची सुई भरली. सातव्यावरच्या आजोबांनी हात मागे घेतला म्हणून निभावलं.

"सिस्टर, आज मी कोण?" सातव्या खाटेवरून आजोबांनी आताही विचारलं. वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या, कान तेवढे लाल झाले.

टेबलावर सिस्टरांचा लेखी खुलासा पडला होता: नाव टाकताना माझ्याकडून चूक झाली. सही बाकी होती. अकरा वाजता मेट्रन तो न्यायला येणार, आणि उद्यापासून सिस्टर कपड्यांच्या खोलीत चादरी मोजणार. सव्वीस वर्षं सुई धरल्यावर.

"मला तर बरोबर टाकल्याचं आठवतंय," त्या म्हणाल्या. "पण मशीन कशाला खोटं बोलेल, नाही का?"

त्याने तोंड उघडलं.

कंपनीतून निघतानाच त्याच्या साहेबांनी बजावलं होतं, काही निघालं तर गुपचूप दुरुस्त करायचं. कुणी विचारलं तर अपडेट म्हणायचं.

त्याने तोंड मिटलं.

नावाची वेगळी प्रत काढायची. पडद्यावर नाव आहे तोवर ती जपायची. दोन मिनिटांचं काम.

दोनच.

"अपडेट राहिलं होतं," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "आता टाकून बघा."

सिस्टरांनी चष्मा सारखा केला. एकेक अक्षर दाबत सातव्या खाटेचं नाव टाकलं, मग आठव्या खाटेचं. दोन्ही पडदे जाऊन पाहून आल्या. सातवर सातचं होतं, आठवर आठचं.

त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे लक्ष दिलं की येतं बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "माझंच लक्ष नव्हतं हो."

त्यांनी खुलासा पुढे ओढला, खिसे चाचपले. पेन नव्हतं.

त्याने आपलं दिलं. टोपण काढून दिलं.