शिशाचा एप्रन

माझी लेक टम्म सुजलेलं मनगट धरून एक्स-रेच्या टेबलाशी हुंदके देत बसली होती आणि एक्स-रे काढणारे दोघं एकमेकांशी भांडत होते.

"सर, हल्ली पेशंटला शिशाचा एप्रन घालत नाहीत. किरण मनगटावर पडणार, पोटाला चिलखत कशाला?" ज्युनिअर बाई म्हणाली.

"तुझं नवं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. पोरीला विनाकारण किरण लागायला नकोत," सीनिअर गुरगुरले. "काय हो ताई, घालायचा ना?"

माझं डोकंच फिरलं. "घाला नाहीतर नका घालू! पण आधी तिच्या हाताकडे बघा!"

त्यांनी मलाच बाहेर काढलं. आत जुंपलेलं भांडण दाराबाहेरही ऐकू येत होतं. शेवटी सीनिअर विजयी चेहऱ्याने बाहेर आले.

"उगाच तमाशा केलात. गळ्यापासून मांडीपर्यंत एप्रन घातला, आणि हाड तर एकदम ठणठणीत आहे!"

त्यांच्या मागून लेक आली, सुजलेलं मनगट छातीशी धरून.



"आई, हा हात एप्रनखालीच राहिला. त्यांनी दुसऱ्याच हाताचा फोटो काढला."