तीन पाण्यांचा गुलाबी

टाइलवरचा गुलाबी रंग सहाव्या वेळीही पिवळट उतरला, तेव्हा विश्वासरावांना खुर्चीत बसवेना. क्रोम आणि कथलाच्या ऑक्साइडचे प्रमाण त्यांनी पुन्हा तोलले होते, भट्टीचे तापमान पुन्हा तपासले होते. हा रंग तीस वर्षांपूर्वी त्यांनीच सिद्ध केला होता आणि आता "जमला नाही, तर सोमवारपासून तो बाहेरून मागवू," असे कारखान्याच्या मालकांनी बजावले होते. शेवटी कृतीची वही काखेत मारून त्यांनी मिरज गाठली. इतकी वर्षे हा रंग बनवणारा आणि चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला त्यांचा कामगार लियाकत तिथे राहत होता.

लियाकतने सगळे ऐकून घेतले. "भाजल्यावर रंगाची पूड किती पाण्यानं धुताय?"

"तीन. वहीत आहे तसेच."

"आवं साहेब, तीन पाण्यांत पिवळेपणा कुठला निघतोय? मी पाणी नितळ हुईस्तवर धुवायचो. कवा सात, कवा नऊ."

"मग इतक्या वर्षांत एकदाही सांगितले का नाहीस?"

लियाकत हसला. "सांगितलं व्हतं की, पयल्याच आठवड्यात. तुमी म्हणला, वहीत आहे तेवढेच कर. तवापासनं तुमी जेवायला गेला, की मी धुवायला बसायचो."