कोरसमधली जागा

मंजुषा गेल्याचं नाट्यमंडळाला कळलं, तो तालमीचा दिवस होता. तालीम रद्द झाल्याचं कुणी कुणाला कळवलं नाही. सगळे शारजातल्या गोडाऊनमध्ये आले, कोरसच्या ओळीत उभे राहिले आणि तसेच घरी गेले.

आज पुन्हा तालीम होती. प्रयोग शुक्रवारी होता. मंजुषाचा नवरा सदानंद मुलीला, शुभ्राला, घेऊन आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. तो नाटकात नव्हता. मंजुषाला आणायचा, न्यायचा आणि वाटेत गाडीत तिची वाक्यं ऐकायचा.

नाटक जुन्या ग्रीक पद्धतीचं होतं. मुखवटे घातलेल्या गावच्या बायका किनाऱ्यावर उभ्या राहून बुडालेल्या जहाजाची हकिकत सांगतात. त्यांच्या ओळीत शुभ्राशेजारची मंजुषाची जागा आता रिकामी होती.

"थोडं थोडं सरका," दिग्दर्शिका गिरिजा म्हणाली. "गॅप दिसायला नको."

ओळ सरकू लागली.

"सरकू नका," सदानंद म्हणाला. "तिच्या जागी मी उभा राहतो."

"बाबा, यू डोन्ट हॅव टू," शुभ्रा हळूच म्हणाली.

गिरिजाने त्याच्याकडे पाहिलं. "त्या काळी ग्रीसमध्ये बायकांची कामं पुरुषच करायचे. मुखवटा घालून."

"आपल्याकडे शालू नेसून करायचे," रुपेश म्हणाला. तो जहाजाचा कप्तान होता. "फक्त सदाभाऊंची मिशी आत मावली पाहिजे."

शुभ्राला हसू आलं. मग सगळेच हसले.

गिरिजाने मंजुषाचा मुखवटा काढून दिला. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या लावून मुखवटे केले होते. बाहेरून सगळे सारखेच पांढरे. सदानंदने हातातला उलटा केला. आत मंजुषाचं नाक होतं, तिची हनुवटी होती. कपाळाला लाल टिकली चिकटली होती. पट्ट्या लावताना ती काढायची राहिली होती.

त्याने मुखवटा चढवला. तो नाकावर अडला.

"गाडीत पॉलिशपेपर आहे," रुपेश म्हणाला. "आतून जरा घासून घेऊ?"

"नको. बसेल." त्याने मुखवटा दाबून धरला आणि शुभ्राने मागून नाडी बांधली.

"यल्ला," गिरिजा म्हणाली. "सुरू करा."

"आम्ही या गावच्या बायका. आम्ही इथे उभ्या होतो. आम्ही पाहिलं."

सदानंदला सगळं पाठ होतं. फक्त प्रत्येक वाक्यात तो ओळीच्या अर्धा शब्द मागे राहत होता. मंजुषाही तशीच राहायची. त्यावरून गिरिजा दर तालमीला तिला ओरडायची. आज ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"खलास," शेवटी ती म्हणाली. "मुखवटे काढा, चहा घ्या."

सगळ्यांनी मुखवटे काढले. सदानंद तसाच उभा होता. शुभ्राने त्याच्या मागे जाऊन नाडीच्या गाठीला हात घातला.

"अजून नको, बाळा," आतून आवाज आला.

तिने हात काढून घेतला आणि पुढे येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. रुपेशने दोघांचे चहाचे कप त्यांच्या पायाशी आणून ठेवले.

चहा निवत गेला. मुखवटा काढायचा राहिला होता.