हिरव्यातलं हिरवं

करवंदं तोडतानाही कालिंदीची कुरकुर थांबेना. लाल-हिरवं ओळखता येत नाही म्हणून तिचा मुलगा रेल्वेच्या नोकरीच्या डोळे-तपासणीत नापास झाला होता. तिच्या भावालाही जन्मापासून तेच.

"तुझंच घेतलंय यानं, दादा," म्हणत तिनं जाळीत हात आणखी आत घातला.

"हात मागे घे!" मामा-भाचे एकदमच ओरडले.

तिला नुसता हिरवा पाला दिसत होता. दादानं काठीनं फांदी हलवली, तेव्हा पानांच्याच रंगाचा विषारी चापडा साप वेटोळं सोडून सरकत गेला.

ती दोन पावलं मागे सरली. "तुम्हाला दिसला कसा रे?"

"रंगानं फसायला आम्हाला रंग कळतो कुठे?" मुलगा म्हणाला. "वेटोळं दिसलं."

दादा हसला. "आईकडून मला आलं, तुझ्याकडून याला. मधल्यामध्ये तुलाच तेवढं मिळालं नाही गं!"